आईला भेटून या

पाणी खात्यातला प्रसेनजित बदलीवर धाराशिवला आला, तेव्हा सामान उतरायच्या आतच शेजारच्या द्वारकाबाईंनी त्याला नियम ऐकवले. "कचरा घंटागाडीतच टाकायचा. पायपानं गाडी धुवायची न्हाय. आन् नळाला मोटर लावली तर जप्त होती. व्हय ना, साहेब?"

प्रसेनजित खूश झाला. चोरून लावलेल्या मोटरी पकडणं हेच तर त्याचं काम होतं. पाणी आलं की गल्लीभर करंगळीएवढी धार पडायची, पण मोटरीचा आवाज कुठंच नाही. शिवाय द्वारकाबाई लई मायाळू. पाण्याचा दिवस जवळ आला की हटकून म्हणायच्या, "जळकोटला जावा की. आईला भेटून या. माउली वाट बघत असंल."

रविवारी तो खरंच निघाला, पण एसटी चुकली आणि अर्ध्या तासात परत आला. तर सगळी गल्ली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत होती. रागारागानं त्यानं फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि पहिली मोटर दिसली ती त्याच्याच नळाला. टाकी काठोकाठ भरून वाहत होती.

द्वारकाबाईंनी शांतपणे बटण बंद केलं.

"आधी तुमचीच भरली, साहेब. आईकडनं दमून येणार, घरात घोटभर पाणी नको का?"