साधी आवृत्ती

‘साध्या आवृत्तीत वापरकर्त्याची कोणतीही निर्मिती नष्ट होत नाही,’ असे कंपनीने तक्रार निवारण समितीपुढे लेखी सांगितले. विधान सुबक होते. खोटे म्हणावे तर कायदा आडवा येई. खरे म्हणावे तर अक्कल.

संगीत ध्वनिमुद्रित करण्याच्या या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या होत्या. व्यावसायिक आवृत्तीत एका गाण्याचे हवे तितके ट्रॅक उघडत. प्रत्येक वाद्याचा वेगळा, गळ्याचा वेगळा. साध्या आवृत्तीत पहिले आठच. नवव्यापासून पुढचे सारे मुके राहत, आणि त्या अवस्थेत कुणी ‘सेव्ह’ दाबले तर फाइलमध्ये आठच उरत. याला कंपनी ‘नष्ट होणे’ म्हणत नसे. तिच्या पुस्तिकेत याला शब्द होता ‘सुलभीकरण’. भाषेवर इतके उपकार फार थोड्या संस्थांनी केले असतील.

प्रस्तुत फाइलमध्ये नऊ ट्रॅक होते. आठांत वाद्ये होती. नवव्यात एका मुलीचा आवाज होता, आणि ती मुलगी आता नव्हती.

तक्रार तिच्या आईची होती. मुलगी एका दुपारी घरातच गाणे रेकॉर्ड करत होती. मध्येच उठून कुणाला न सांगता ती खाली गेली आणि समोरचा रस्ता ओलांडताना एका टेम्पोने तिला उडवले. आई तेव्हा इस्पितळात ड्यूटीवर होती, परिचारिका म्हणून, दुसऱ्यांच्या मुली सांभाळत. वडील घरी होते. जेवणानंतर नुकताच डोळा लागला होता, असे ते म्हणत.

आईला एक गोष्ट राहून राहून खटके. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी तीनदा कपडे बदलणारी पोर घरातल्या स्लिपरवर कशी गेली? तंद्रीत असेल, असे वडील म्हणत आणि विषय संपवत. त्या दिवसापासून त्यांनी दाढी केली नव्हती. शेजारी त्याला शोक म्हणत आणि हळहळत.

मुलगी वापरत होती ती व्यावसायिक आवृत्ती चाचणीपुरती, फुकटातली होती. तिची मुदत संपली आणि गाणे पेनड्राइव्हमध्ये अडकून पडले. घरचा कॉम्प्युटर जुना, त्यात जागा नाही. तिचे सगळे गाणे त्या अंगठ्याएवढ्या वस्तूतच असे. आईला ते ऐकायचे होते. मागण्यासारखे दुसरे काही तिच्यापाशी उरलेच नव्हते.

‘अहो, फोटोंत ती गप्पच असते,’ एवढेच ती म्हणाली.

वडील पेनड्राइव्ह घेऊन ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात गेले. विक्रेता भला माणूस होता. त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर, व्यावसायिक आवृत्तीत, फाइल उघडून दिली, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वडिलांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले. वाद्ये थांबल्यावरही ते बसून राहिले. मग हेडफोन उतरवून त्यांनी त्याच्या गाद्या रुमालाने पुसल्या, दोन्ही बाजूंनी, काळजीपूर्वक.

‘साधी द्या.’

‘काका, साधीत ताईंचा आवाज उघडणार नाही. आणि चुकून सेव्ह झालं तर जाईलच तो. कायमचा.’

‘कायमचा?’

‘परत नाही आणता येत. म्हणून म्हणतो, व्यावसायिक घ्या.’

वडिलांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. ‘साधी पुरे. आम्हाला कुठे मैफली करायच्यात.’

विक्रेत्याने मनातल्या मनात त्यांना चिक्कू ठरवले. पुढे समितीपुढे त्याने हा शब्द वापरला नाही. सगळ्या प्रकरणात सभ्यपणा म्हणावा तो एवढाच.

घरी आई हात धुऊन, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसली. तबला आला, पेटी आली, एकामागून एक आठही वाद्ये आली आणि आपापले काम करून गेली. मध्ये मोकळी जागा होती, गळ्यासाठी राखलेली. तिथे कुणीच आले नाही. आईने पुन्हा लावले. पुन्हा तेच.

वडील तिच्या खुर्चीमागे उभे होते. कॉम्प्युटर जुना आहे, असे ते म्हणाले. मध्येच बंद पडला तर आहे तेही जाईल.

‘आधी सेव्ह करून ठेव, मग शोधू.’

तिने बटण दाबले. सुलभीकरण झाले.

तक्रार करू नको, आता काय उपयोग, असे वडिलांनी तिला परोपरीने सांगितले होते. तिने ऐकले नाही. समितीपुढे कंपनीचा प्रतिनिधी उभा राहिला. ग्राहकाला पूर्वकल्पना दिली होती, असे त्याने मोजक्या शब्दांत मांडले. विक्रेत्याने दुजोरा दिला. दोनदा सांगितले होते, तो म्हणाला, आणि खाली पाहू लागला. आता उत्तर वडिलांनी द्यायचे होते.

त्यांच्याआधी आईच उठली.

‘ह्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, साहेब. बटण मी दाबलं. माझ्याच बोटानं गेली ती, दुसऱ्यांदा. कंपनीला काय बोलू मी? तक्रार मागे घेते.’

प्रतिनिधीने समाधानाने कागद आवरले. अध्यक्षांनी केवळ रीत म्हणून वडिलांना विचारले, दोन आवृत्त्यांतला फरक खरेदीच्या वेळी तुम्हाला समजला होता काय?

वडील उठले. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती खुर्चीत आपल्या उजव्या हाताचे बोट डाव्या मुठीत घट्ट आवळून बसली होती. त्यांनी दिलेले उत्तर शब्दशः असे:

‘समजला होता. तिचा माइक चालूच राहिला होता. दुकानात मी सगळं ऐकलं. शेवटचं कडवं ती अर्धंच गाते. मग दार वाजतं, आणि माझा आवाज येतो. मी म्हणतो, “पुरे झालं ते रडगाणं. ऊठ, आधी समोरून मला दाढीचं ब्लेड आणून दे.”’