सासूबाईंनी न म्हटलेले चार शब्द

"आई, तोंड उघड ना! चारच शब्द म्हणायचेत," लेक पलंगाशी वाकून पुन्हा पुन्हा विनवत होती.

म्हातारीने ओठ घट्ट मिटून घेतले.

धर्मगुरू स्टुलावर बसून होते. त्यांच्या धर्मात ते चार शब्द मरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागत. म्हटले तर स्वर्ग, नाहीतर कायमची आग. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी म्हणून चालत नसे.

धर्मगुरूंना बसता यावं म्हणून सुनेने शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलं होतं. पलंगावर धुतलेली चादर घातली होती. सून वेगळ्या धर्माची. लग्नासाठी नवऱ्याने तिचा धर्म घेतला, तेव्हा याच सासूबाईंनी गल्ली डोक्यावर घेतली होती. पुढे त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं ते तो अपघातात गेला तेव्हाच.

लेकीकडे जागेची अडचण, म्हणून त्या सुनेकडे आल्या. आल्या त्या स्वतःचा पेला घेऊन. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा चालत नव्हतं, पण तिने शिवलेली झंपरं बरी चालत होती!

मग काय झालं कोण जाणे. सुनेच्या ताटात त्या जेवू लागल्या. प्रार्थना सुटली. जपमाळ त्यांनी शेजारणीला देऊन टाकली. म्हातारी निवळली, असं सगळे म्हणू लागले. सुनेला तर भरून यायचं. उशिरा का होईना, सासूने आपल्याला माणूस म्हणून ओळखलं, एवढंच तिच्या मनात असायचं.

"तूच हिचे कान भरलेस," लेक उसळली. "आधी भावाला नेलंस, आता आईला!"

"ताई, मी कशाला भरू? यांना बोलवा म्हणून मीच तुमच्या मागे लागले होते ना?"

"भांडू नका," धर्मगुरू उठत म्हणाले. ते भले गृहस्थ होते. "तू बोलून बघ, मुली. आम्ही बाहेर थांबतो."

लेक डोळे पुसत त्यांच्या मागोमाग गेली.

सून पलंगावर टेकली. तिला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोला, आतून बरंही वाटत होतं.

"आई, माझ्यासाठी हट्ट धरू नका. म्हणा तुमचे शब्द, मला राग नाही यायचा. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात, हे तुम्हाला पटलं, यातच मला सगळं मिळालं."

"कुणी सांगितलं पटलं म्हणून?" सासूबाईंचा आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "वाट एकच. आमची. बाकीचे सगळे आगीत जातात."

सून गोंधळली. "मग म्हणा ना ते शब्द! वेळ नाही आता."

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात धरला.

"कशी म्हणू गं? माझं पोर तिथं एकटं आहे."