तीन प्रतींची पावती

"कार्ड चालतं का इथे?" काउंटरवर बोटं वाजवत पाहुण्याने विचारलं.

"चालतं की. पण ते निघताना," गौराबाई म्हणाली. "आधी वहीत नाव लिवा."

पाहुण्याने लिहिलं, 'वि. म. कारखानीस, दादर'. पन्नाशीचा माणूस, एकटाच, हातात एक बॅग. गौराबाईने तीन नंबरची किल्ली दिली आणि त्याला पुढे घालून बोळातून नेलं. बोळाच्या टोकाची चौकट ठेंगणी होती. नवा पाहुणा तिथे हमखास डोकं आपटून घ्यायचा. हा न सांगता वाकला.

शहाऐंशी सालचा एप्रिल होता. माथेरान गर्दीने फुललं होतं. मोठ्या हॉटेलांत कार्डाची मशीनं आली होती, पण आठ खोल्यांच्या लॉजमध्ये मशीन ठेवणारी गौराबाई एकटीच. बाजारातले लोक आधी हसले. मग मुंबईची गिऱ्हाइकं तिच्याकडे वळायला लागली, तेव्हा तेच लोक मशीन कसं मिळालं ते विचारायला आले.

कारखानीस तीन दिवस राहिला. फिरायला तो फारसा गेलाच नाही. घराभोवतीच फिरायचा. मागच्या अंगणात उभा राहून एकदा म्हणाला, "छप्पर नवं दिसतंय."

"माझ्या हातचं हाय. कौलं दस्तुरी नाक्यापर्यंत टेंपोने आणली, पुढं गाड्यांना बंदी, म्हणून तिथून घोड्यावर. सतरा खेपा झाल्या. आधी या खोल्यांत माकडं नांदत होती."

"तुम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली?"

"चौदा."

दुसऱ्या संध्याकाळी चहा पिताना त्याने मशीनचा विषय काढला. "बँकेने एवढ्या लहान लॉजला मशीन दिलं कसं?"

गौराबाईला हे सांगायला आवडायचं. "पहिल्या खेपेला साहेब बोलले, मालकाला पाठवा. मी बोलले, मालकीण समोर बसलीय. दुसऱ्या खेपेला बोलले, कागद आणा. तिसऱ्या खेपेला चौदा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या त्यांच्या टेबलावर मांडल्या. टेबल पुरलं नाय."

"आणि त्या पावत्यांवर नाव कुणाचं?"

"पैसे ज्याने भरले त्याचं," ती म्हणाली. "भजी देऊ अजून?"

त्याने भजी घेतली. तो खोलीत गेल्यावर स्वयंपाकाची सोनाबाई हळूच म्हणाली, "लय चौकशा करतो गं हा माणूस. इन्कम टॅक्सवाला तर नसंल?"

"करू दे चौकशी," गौराबाई म्हणाली. "उद्या त्याला चांगली तांदळाची भाकरी घाल."

रविवारी सकाळी कारखानीस बॅग घेऊन काउंटरवर आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. गौराबाईने हिशेब पुढे केला. दोनशे शहात्तर रुपये.

"तीनशेच्या आत हाय. बँकेला फोन लावून मंजुरी घ्यायचं कारण नाय," ती म्हणाली. "रोख देता का?"

"छे, छे. कार्डच घ्या. मला पक्की पावती हवी आहे." त्याने पाकिटातून कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. "पण आधी नाव वाचा बाई."

इंग्रजी अक्षरं ती बँकेतल्या पोरीकडून शिकली होती. उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवत तिने सावकाश वाचलं, "अनंत वासुदेव राजाध्यक्ष."

"वासुदेव राजाध्यक्षांचा मुलगा," तो म्हणाला. "ज्यांनी हा बंगला तुम्हाला राखण करायला दिला होता, त्यांचा. राखण करायला, लॉज काढायला नाही. सोमवारी माझा वकील कर्जतच्या कोर्टात जातो आहे. तुम्ही इथे धंदा करता, याचा पुरावा हवा होता. तो तुमच्याच हातून घेऊन जावा, असं ठरवून आलो होतो."

दारात उभ्या सोनाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. गौराबाईने कार्ड उचललं.

"राखणीचा पगार दोन महिने आला," ती म्हणाली. "मग सहा पत्रं टाकली. एकाचंबी उत्तर नाय."

"ते वडिलांचं वडील जाणोत. जागा माझी आहे."

"बरं."

तिने कार्ड मशीनमध्ये बसवलं, वर कागद ठेवला आणि मूठ एकदा पुढे, एकदा मागे सरकवली. खटक, खटक. कार्बनच्या तीन प्रतींवर कार्डावरचं त्याचं आणि मशीनच्या पट्टीवरचं तिचं, अशी दोघांचीही नावं उमटली. मग पेन घेऊन, ओठ मिटून, तिने तपशिलाच्या जागेत दोन ओळी लिहिल्या आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

"इथं सही करा."

राजाध्यक्षाने न वाचताच ऐटीत सही ठोकली. लांबलचक, खाली दोन रेघा मारून. गौराबाईने प्रती सुट्या केल्या, एक त्याला दिली, एक बँकेसाठी पेटीत टाकली, आणि तिसरी घडी घालून पदराच्या गाठीला बांधली.

"आता वाचा की साहेब," ती म्हणाली, "कशावर सही केली ते."

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. कार्बनची निळी अक्षरं जाड होती, पण स्पष्ट होती. 'जागेच्या मालकीण गौराबाई सखाराम गायकवाड यांना तीन दिवसांचं खोलीभाडं दिलं. जागा त्यांची आहे, हे मला मान्य.'

"आमचा वकीलबी सोमवारीच जातोय कोर्टात, चौदा वर्षांच्या त्या पावत्या घेऊन, जागा माझ्या नावावर करून घ्यायला," गौराबाई म्हणाली. "तुमच्या हातची एक सही तेवढी पायजे होती. तुमी बोळात वाकलात, तवाच मी त्याला निरोप धाडला."