उंदीरवाल्याची ठमी

पिंजऱ्याचं दार उघडं होतं. ठकी चिंध्यांच्या गादीत मुटकुळं करून झोपली होती. ठमी नव्हती.

"अहो, दार कोणी उघडलं?" बायकोच्या खांद्यावरची पिशवी अजून खाली उतरली नव्हती. कामावरून आली की ती आधी पिंजऱ्यापाशी जायची, मग चपला काढायची.

"तुझ्या राण्यांच्या महालात मी कशाला जातोय?" उंदीरवाला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दार त्यानेच उघडलं होतं. दुपारी जेवायला घरी आल्यावर, रोजच्यासारखं.

उंदीर मारणं हा त्याचा धंदा. बायकोने या दोघी उंदरिणींना पाळायला घरी आणलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं; लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला होता. मग एका दुपारी ठमी त्याच्या बाहीत शिरली, बगलेपाशी जाऊन बसली आणि सुखाने दात कुरकुरवायला लागली. गडी विरघळला. तेव्हापासून बायको घरात नसली की बाहीत ठमीची स्वारी ठरलेली. ती त्याच्या बोटांची पेरं एकेक करून चाटायची आणि हा दांडगा माणूस एकटाच खुदखुदत बसायचा. बायकोला हे कळलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं तिने.

आज ठमी बाहीत असतानाच दारावर थाप पडली होती. खालचे शेजारी. भिंतीमागच्या पाइपांच्या बोळात उंदीर फार झालेत, काहीतरी करा, म्हणाले. त्याने घाईघाईत तिला पिंजऱ्यात सारलं आणि बोळात मजल्यामजल्यावर विषाचे डबे ठेवून आला. कडी लावायची राहिली ती राहिलीच. आणि त्याच्याच स्वयंपाकघरात, सिंकखाली, पाइपाच्या कडेने बोळात उघडणारं मुठीएवढं भोक. साऱ्या जगाची बिळं बुजवणारा हा, दिव्याखाली अंधार.

"ठमे! ए ठमुले!" बायको ओट्याखाली शिरून हाका मारत होती. पातेली बाहेर आली, पिठाचा डबा बाहेर आला. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो म्हणतात. इथे तोही निघेना.

बायकोला भोक दिसलं. ती तशीच गुडघ्यांवर थांबली.

"बोळात विष ठेवलंय का हो तुम्ही?"

तो खाली पडलेली पातेली एकात एक घालू लागला.

"अहो!"

"ठेवलंय. पण उंदीर हुशार असतात गं. नवी वस्तू दिसली की लगेच तोंड लावत नाहीत."

"ते बाहेरचे. हिला आजवर माणसाने ठेवलेलं काही वाईट निघालंय का?" बायकोचा आवाज फाटला. "ही खाईल. आनंदाने खाईल."

हे त्यालाही ठाऊक होतं. तो जिन्यात धावला, बोळाचं झाकण उघडून त्याने आपल्या मजल्यावरचा डबा ओढून काढला. माणसाचा वास लागला की उंदीर फिरकत नाही, म्हणून हातमोज्यांशिवाय डब्याला शिवायचं नाही, हा त्याचा धंद्यातला पहिला नियम. आज हातमोजे आठवले नाहीत. डबा उघडला. आतल्या निळ्या वडीचा कोपरा कुरतडलेला होता.

मागोमाग आलेल्या बायकोने वडी पाहिली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"खाल्लं असेल तर उतारा आहे," तो म्हणाला. "पण आजच्या आज द्यावा लागतो. ती सापडली पाहिजे." आणि खाल्लं नसेल तर खालच्या मजल्यांवरचे डबे अजून तसेच होते.

घरात येऊन बायको पुन्हा भोकाशी हाका मारू लागली. रडवेल्या हाका. त्या ऐकून ठमी आणखी आत सरकणार, हे त्याला कळत होतं. ती कोणत्या आवाजाला येते तेही त्याला माहीत होतं. एकट्यालाच माहीत होतं. एवढा मोठा माणूस, पण त्याची जीभ उचलेना. बायकोसमोर!

शेवटी तो भोकापाशी ओणवा झाला. जीभ टाळूला लावून त्याने आवाज काढला. टॉक. टॉक टॉक.

"हे काय करताय?"

टॉक. टॉक टॉक.

भिंतीत काहीतरी खरवडलं. थांबलं. भोकातून आधी मिशा आल्या, मग नाक, मग जळमटं अंगावर घेतलेली अख्खी ठमी. बायकोकडे तिने पाहिलंही नाही. तुरुतुरु त्याच्या गुडघ्यावर, गुडघ्यावरून शर्टावर, आणि तिथून थेट बोटांकडे, रोजच्यासारखी चाटायला.

त्याला स्वतःची बोटं दिसली. घामाला निळा चुरा चिकटला होता.

तो ताडकन उठला आणि त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. "धर तिला! माझ्या हाताला विष आहे!"

ठमी खांद्यावरून दंडावर चढली होती. बायकोने तिला कोपरापाशी पकडलं.

"तोंड बघ. निळं आहे का?"

बायकोने ठमीचा ओठ बोटाने वर केला. दिव्याखाली नेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"गुलाबी आहे."

म्हणजे वडी बोळातल्या दुसऱ्याच कुणा भुकेल्याने खाल्ली होती. तो कोण असेल, असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला.

बायकोच्या मुठीतून ठमी मान लांबवून त्याच्याकडेच झेपावत होती. बायकोने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"किती दिवस चाललंय हे?"

उंदीरवाला पकडलेल्या चोरासारखा हात वर करून उभा होता. डोळे घळघळा वाहत होते, आणि पुसायला हात नव्हते.