आंबट पाणी

तिने व्हिनेगरची पाव बाटली टाकीत ओतली, झाकण लावलं आणि मोबाइल हाताशी घेऊन स्टुलावर बसली. आता फार वाट पाहावी लागणार नव्हती.

गच्चीवरचं हे प्लास्टिकचं घर तिने स्वतः उभं केलं होतं. सगळी नोकरी टेलिफोन दुरुस्तीत गेलेली; निवृत्तीनंतर तारा जोडायला हात नुसते शिवशिवायचे. इथे मातीचा कण नाही. आडव्या पाइपांना भोकं, भोकांत पालक, आणि मुळांखालून पंपाने फिरणारं खताचं पाणी. शेजारीण म्हणायची, "पालकाचे इतके लाड? पोराचेही केले नसतील तुम्ही!" केले होते. नको तितके केले होते. त्या पोरानेच दुसऱ्या शहरात बसून सगळ्याचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पाणी बिघडलं की घंटा वाजायची ती त्याच्या मोबाइलवर, कारण आईला त्यातलं काय कळणार, असं त्याचं मत.

एरवी त्याचा फोन म्हणजे उंबराचं फूल. पहिल्यांदा पाणी खरंच बिघडलं, तेव्हा तो कितीतरी वेळ बोलला. दुसऱ्यांदा तिने बिघडवलं. मग चटकच लागली.

मोबाइल वाजला.

"आई, पाणी पुन्हा आंबट झालंय गं."

"अगंबाई, हो का?"

या नाटकात ती आता पटाईत झाली होती. तो सांगेल तसं आंबटपणा मारायचं औषध टाकायचं, टाकीतल्या मापकावरचा आकडा वाचून दाखवायचा, आणि मधल्या वेळात नातीचा दात पडला का, सुनेचा खोकला गेला का, सगळं विचारून घ्यायचं. पालकाची मुळं मात्र तपकिरी पडत चालली होती. तिला वाईट वाटायचं. पण पालक पुन्हा पेरता येतो.

"मी एक यंत्र पाठवतोय," या वेळी तो म्हणाला. "पाणी आंबट झालं की ते आपोआप औषध सोडेल. तुला त्रास नको."

नको म्हणायला तिला कारण सापडेना. यंत्र आलं, आणि जोडलंही तिनेच. त्यासाठी तो अख्खी सकाळ व्हिडिओवर तिच्यासमोर बसला होता. नात मध्येच येऊन पडलेल्या दाताची खिंड दाखवून गेली. तिने प्रत्येक स्क्रू मुद्दाम सावकाश आवळला. स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडून घेताना माणूस इतका खुशीत असू शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने पाव बाटली ओतली. यंत्र घुरघुरलं, पाणी ठीक झालं. फोन आला नाही. तिने अर्धी ओतली. पुन्हा घुरघुर. मग मात्र ती चिडली. उरलेलं सगळं ओतलं, खाली जाऊन नवी बाटली आणली, तीही उपडी केली. यंत्रातलं औषध संपलं.

फोन वाजला. तिला रडूच फुटलं. डोळे पुसून ती हसऱ्या आवाजात म्हणाली, "बघ, तुझं यंत्रसुद्धा हरलं! हे पाणी आंबट होतं तरी कसं, देव जाणे."



"कोण ओततं ते मला कधीचं ठाऊक आहे, आई," तो म्हणाला. "म्हणून तर यंत्र पाठवलं."