साफ केलेलं मैदान

"एकही खडा राहता कामा नये," सरदाराने बजावलं होतं. इराणी रथांच्या चाकांना धारदार पाती लावली होती. त्यांनी समोरच्या मॅसिडोनियन सैनिकांची फळी गवतासारखी कापायची होती. त्यातला एक रथ आपला धाकटा भाऊच हाकणार, म्हणून फर्नाकने जीव लावून मैदान चोपलं. झुडपं मुळासकट उपटली, खड्डे बुजवले.

"दादा, मैदानाचं पार अंगण केलंस की!" भाऊ हसला आणि त्याने लगाम सैल सोडले.

शत्रूची फळी मात्र दारासारखी उघडली. रथ त्या वाटेने थेट आत गेले आणि दार मिटलं.

मग भाऊ एकटाच, रक्ताने माखलेला, पळत येताना दिसला. मागे शत्रूचे घोडेस्वार होते.

"दादा, कुठे लपू?"

फर्नाकने चहूकडे पाहिलं. त्याने एक झुडूपही मागे ठेवलं नव्हतं.