कामी आला

१९९१ साली मुलुंडच्या व्याख्यानमालेत संरक्षण खात्यातले निवृत्त अधिकारी सामंतसाहेब तासभर युद्ध, मुत्सद्देगिरी आणि नेतृत्वावर बोलले. शेवटी त्यांचा आवाज चढला. "नेतृत्वाला कठोर व्हावंच लागतं! श्रीलंकेत आपण शांतिसेना पाठवली. तुमच्या मुलुंडचा उल्हास तिथे कामी आला!"

टाळ्या थांबेनात. सत्काराचा शाल-नारळ मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलेली उल्हासची आई, मालन, उठली. तिने नारळ स्टेजवर आपटला, तेव्हा कुठे सभागृह गप्प झालं.

"ओ साहेब, कुणाच्या कामी आला?"

"शांततेच्या, बाई."

"तिथे अजून गोळ्या चालतायत. खोटं कशाला बोलता? तुमच्या भाषणाच्या कामी आला माझा पोरगा. तेवढंच."